मोजणीत कोण राहिले?

मित्रहो, डहाणू रोड स्टेशनावर उत्तरेकडची गाडी धरली म्हणजे घोलवड, उंबरगाव, संजाण, भिलाड अशी स्टेशने मागे टाकीत आपण वापीस उतरतो, आणि तेथून थोड्याच अंतरावर दमण लागते. आपल्याकडील मंडळी दमणला कशासाठी जातात ते या सभेत सांगण्याची जरुरी नाही. आज आम्ही आपणांस दमणला नेणार आहोत ते निराळ्या कामासाठी, आणि सव्वाशेहून अधिक वर्षे मागे.

सन १८९७ च्या उन्हाळ्यात दमणात प्लेग होता. दमण तेव्हा पोर्तुगीजांचे. तेथे डॉ. हाफकिन यांनी आपली नवी लस लोकांना टोचली. साथ ओसरल्यावर हिशेब मांडण्यात आला तो असा: टोचून घेतलेले लोक २,१९७, त्यांपैकी मेले ३६. न टोचलेले ६,०३३, त्यांपैकी मेले १,४८२. म्हणजे एकीकडे शेकडा दीडाच्या थोडे वर आणि दुसरीकडे शेकडा साडेचोवीस. हे आकडे प्रथम वाचले तेव्हा आम्हांला वाटले, आता आणखी विचारायचे ते काय राहिले?

आम्ही डॉक्टर नव्हे. शाळेतले आमचे शिक्षणही बेताचेच. कामगार संघटनेच्या कामात आमची तीस वर्षे गेली, आणि जे काही वाचले ते वाचनालयातून व कोर्टकचेरीच्या निमित्ताने वाचले. परंतु पगारपत्रक कसे वाचावे हे त्या कामाने आम्हांला शिकवले. पगारपत्रकातली बेरीज सहसा चुकलेली नसते. पण मजुराचे नाव हजेरीपटावर चढलेच नसेल तर बरीज बरोबर असूनही त्याची मजुरी बुडते. वैद्यकातले आकडे वाचताना हाच धडा आमच्या उपयोगी पडला. म्हणून प्लेगच्या लशीचा हा जुना इतिहास आम्ही आज आपल्यापुढे मांडीत आहोत.

प्लेग मुंबईत आला तो १८९६ साली. सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना कलकत्त्याहून मुंबईस बोलावले. हे गृहस्थ मूळचे ओडेसा शहरचे ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेले. पटकीवरची लस त्यांनी हिंदुस्थानात आधीच वापरून पाहिली होती. ऑक्टोबरात ते मुंबईस पोहोचले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत कामास लागले. प्लेगचे जंतू वाढवून ते उष्णतेने मारायचे व त्यांची लस करायची, अशी ती कृती. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली.

त्या वेळची मुंबई कशी होती? लोक गाठोडी बांधून पळत होते. लाखो माणसांनी शहर सोडले. गिरण्यांना कामगार मिळेनात, आणि बी. बी. सी. आय. रेल्वेच्या ज्या गाड्या आपल्या डहाणूवरून सुरतेकडे जात त्या पळणाऱ्यांनी भरलेल्या असत. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा आला. घरांत शिरून तपासणी होऊ लागली. पुण्यात त्या जुलमाविरुद्धचा संताप २२ जून रोजी रँडच्या वधापर्यंत गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. अशा वेळी लस यशस्वी ठरावी असे सरकारला वाटत होते, कारण व्यापार थांबला होता. गिरणीमालकांना वाटत होते, कारण साचे थांबले होते. आणि हाफकिन यांना वाटणे तर साहजिकच होते. दुसऱ्या बाजूस, सरकारच्या हातची सुई म्हणजे घातच, असे मानणारे पुष्कळ लोक होते. ज्याचा त्याचा ओढा ठरलेला होता. मग खरे-खोटे कसे ठरावे?

पहिली कसोटी भायखळ्याच्या तुरुंगात झाली. जानेवारीच्या अखेरीस तेथे प्लेग शिरला व कैदी मरू लागले. ३० जानेवारीस जे कैदी पुढे आले त्यांना हाफकिन यांनी लस टोचली. बाकीचे तसेच राहिले. तुरुंगातल्या माणसाची राजीखुशी ती कितपत राजीखुशी, हा प्रश्न आज आपण विचारू, आणि विचारलाही पाहिजे. पण तुलनेच्या दृष्टीने जागा सोयीची होती, हे नाकारता येत नाही. छप्पर एक, भाकरी एक, पाणी एक, आणि कोणी पळून जाण्याचा संभव नाही. पुढच्या आठवड्याचा हिशेब असा लागला: न टोचलेले १७२, त्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला व सहा मेले. टोचलेले १४७, त्यांपैकी दोघांना प्लेग झाला, मेला कोणी नाही.

शून्याविरुद्ध सहा! वर्तमानपत्रात एवढेच छापले असते तर आपण टाळ्या वाजवून घरी गेलो असतो. पण हिशेबाच्या आधीचा एक दिवस या आकड्यांत नाही. टोचणी झाली त्याच दिवशी टोचलेल्यांपैकी तिघे जण आजारी पडले व ते तिघेही दगावले. त्या दिवसाचे रोगी हिशेबाबाहेर ठेवण्यात आले. त्याचे कारणही होते: लस टोचल्याबरोबर काही तासांत काम करीत नाही, आणि या माणसांच्या अंगात रोग आधीच शिरलेला होता. कारण पटण्यासारखे आहे. परंतु हे तीन आत घेतले तर शून्याचे ते चित्र राहत नाही, हेही तितकेच खरे.

येथे आम्हांला हाफकिन यांच्याविषयी आदर वाटतो. हे तीन मृत्यू त्यांनी दडवले नाहीत. वगळले, आणि वगळले असे सांगितले. म्हणूनच आज डहाणूत बसून आपण त्यांचा हिशेब पुन्हा मांडू शकतो. कोणतीही पाहणी हाती आली की किती मोजले हे आपण पाहतोच. किती वगळले आणि कोणत्या कारणाने, हे सांगितले आहे की नाही, तेही पाहावे. सांगितले नसेल तर बाकीच्या आकड्यांचा गोडवा चाखण्याची घाई करू नये.

आता हीच नजर घेऊन दमणला परत जाऊ. दमण म्हणजे तुरुंग नव्हे. तेथे कोण टोचून घ्यायला आले? जे हिंडतेफिरते होते, ज्यांच्यापर्यंत बातमी पोहोचली होती, ज्यांना पुढे येण्याचे धैर्य होते ते आले. जो तापाने घरात पडला होता तो आला नाही. ज्याच्या घरात उंदीर मरून पडत होते व ज्याला घराबाहेर पाऊल टाकायची भीती होती तोही कदाचित आला नसेल. म्हणजे लस टोचण्याच्या आधीच दोन्ही गट सारखे नव्हते. दुसरे असे की, सर्व गावाला एका दिवसात टोचून झाले नाही. साथ चालू असताना ते काम आठवडेच्या आठवडे चालले. जो माणूस तिसऱ्या आठवड्यात टोचून घेतो तो पहिले दोन आठवडे जगलेला असतो, हे उघड आहे. आणि जो दुसऱ्या आठवड्यात मेला त्याला टोचून घेण्याची संधीच मिळाली नाही, पण तो ‘न टोचलेल्यां’च्या रकान्यात बसण्याचा संभव असतो. तिसरे, साथीच्या वेळी लोक गाव सोडतात. जो पळाला त्याला कोणत्या बाजूस मांडायचे? या तिन्ही गोष्टी लशीच्या बाजूने तराजू झुकवू शकतात. यांत कोणी लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. लबाडी न करताही तराजू झुकतो, हेच आम्हांला सांगायचे आहे.

हाफकिन यांना हे कळत नव्हते असे नाही. १८९८ च्या फेब्रुवारीत गायकवाडांच्या बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी त्यांनी अधिक चांगली रीत वापरली. घरोघरची माणसे पुढे उभी केली आणि प्रत्येक घरातल्या सुमारे निम्म्यांना टोचले, निम्म्यांना ठेवले. असे केल्याने चूल एक, जमीन एक, उंदीर-पिसवाही त्याच. श्रीमंत-गरीब, धीट-भित्रे हा भेद पुष्कळसा मिटला. ज्या घरांत पुढे प्लेग शिरला त्या घरांतला हिशेब असा: टोचलेले ७१, आजारी ८, मृत ३. न टोचलेले ६४, आजारी २७, मृत २६. दमणच्या मानाने ही संख्या फारच लहान. पण आम्हांला विचाराल तर दमणच्या आठ हजारांपेक्षा उंढेऱ्याच्या या एकशे पस्तीस माणसांची साक्ष अधिक वजनाची आहे. मोठा आकडा पाहून दिपून जाण्याची आपली सवय असते. तुलना सारख्याशी सारख्याची आहे काय, हे आधी पाहावे. आकडा किती मोठा, ते मागाहून.

तरीही एक फट राहिली. कोणाला टोचायचे व कोणाला ठेवायचे हे निवडणारा हात लस करणाऱ्याचाच होता. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी, हा अशक्त दिसतो, याला आज नको, असे मन न कळत म्हणून जाते.

सरकारने १८९८ साली एडिंबरोचे प्राध्यापक फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिशन नेमले. कमिशनने हाफकिन यांच्या आकड्यांतल्या त्रुटी काढल्या आणि अखेर मत दिले ते असे की, लशीने रोगाचे व मृत्यूचे प्रमाण खात्रीने घटते, पण पूर्ण संरक्षण मिळत नाही. आम्हांला हा निर्णय समतोल वाटतो. आकडे पुरे निर्दोष नाहीत म्हणून सारेच खोटे असे कमिशन म्हणाले नाही, आणि लस उपयोगी आहे म्हणून आकड्यांकडे काणाडोळाही केला नाही. या कमिशनचे एक सभासद आल्मरॉथ राइट हे होते. त्यांनी स्वतः विषमज्वरावर लस काढली होती. पुढे १९०४ साली कार्ल पिअर्सन या गणितज्ञाने राइट यांच्याच लशीचे लष्करातले आकडे तपासले आणि तोच प्रश्न विचारला: जे शिपाई आपण होऊन टोचून घेतात ते मुळात अधिक जपून राहणारे नसतील कशावरून? दुसऱ्याचा हिशेब तपासायला बसलेल्या माणसाचाही हिशेब तपासावाच लागतो.

हाफकिन यांच्या नशिबी आणखी एक तपासणी होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ लोकांना लस टोचली, आणि त्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने मेले. ते एकोणीसही एकाच बाटलीतून टोचलेले होते. चौकशीत दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला व हाफकिन यांना जागा सोडावी लागली. परंतु दोष प्रयोगशाळेत बाटली भरताना घडला की गावात ती उघडताना, हा मूळ प्रश्न होता, आणि पुरावा दुसऱ्या बाजूचा होता. १९०७ च्या जुलै महिन्यात रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हे उघडपणे मांडले, तेव्हा कोठे हाफकिन यांच्यावरचा कलंक गेला. परळच्या त्या प्रयोगशाळेस १९२५ पासून त्यांचेच नाव आहे.

निवडणाऱ्या हाताची जी फट आम्ही सांगितली ती बुजवायला आणखी पन्नास वर्षे गेली. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची पाहणी इंग्लंडात १९४८ साली प्रसिद्ध झाली. तीत कोणाला औषध द्यायचे हे डॉक्टरने ठरवले नाही. बंद पाकिटातल्या चिठ्ठीने ठरवले. आपल्या देशात मद्रासला १९५६ पासून हीच रीत वापरून एक मोठा प्रश्न सोडवला गेला. क्षयाच्या रोग्याला सॅनेटोरियमची हवा, तेथला सकस आहार व विश्रांती हवीच, असे तोवर सर्व जाणते लोक सांगत. मद्रासच्या संशोधकांनी चिठ्ठ्यांनी गरीब रोग्यांचे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियमात, दुसरा आपल्या खोलीत राहून तीच औषधे घेणारा. १९५९ साली निष्कर्ष आला: घरी राहून औषध घेणाऱ्यांना जवळजवळ तितकाच गुण आला, आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे अधिक लागण झाली असेही दिसले नाही. महिनोन् महिने रोजी बुडवून सॅनेटोरियमात राहणे ज्यांना शक्य नव्हते अशा लाखो कामकऱ्यांना या एका चोख तुलनेने जगवले. हिशेब नीट ठेवणे हे बुद्धिमंतांचे चोचले आहेत असे ज्यांना वाटते त्यांनी मद्रास आठवावे.

आता कोणी विचारील, एवढ्या भानगडीत पडायचे कशाला? पैसा कोणी दिला ते पाहावे आणि निकाल लावावा. आमच्या संघटनेतले तरुण हे नेहमी म्हणतात, व आम्हीही म्हणत असू. पैसा कोणाचा हे पाहावेच. पण तेवढ्याने भागत नाही. इंग्लंडात रॉचडेल येथे ॲस्बेस्टॉसचा मोठा कारखाना होता. तेथील कामगारांच्या मृत्यूंचा रिचर्ड डॉल यांनी अभ्यास केला, आणि कारखान्याच्या डॉक्टरचे त्यांना सहकार्य होते. वीस वर्षांहून अधिक काळ धुळीत काम केलेल्या ११३ माणसांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने एकही मृत्यू जेमतेम अपेक्षित होता. प्रत्यक्षात अकरा झाले होते. कंपनीच्या चालकांनी ही माहिती छापू नये म्हणून खटपट केली. १९५५ साली ती छापून आलीच. माहिती कारखान्याच्या दफ्तरातली होती आणि निष्कर्ष कारखान्याच्या विरुद्ध गेला. म्हणून आम्ही असे म्हणतो: पैसा कोणाचा हे कळले म्हणजे आपण डोळे अधिक उघडे ठेवून वाचावे, न वाचताच फेकून देऊ नये.

आणि मोठ्या नावालाही भुलू नये. करोनाच्या काळात, मे १९२० नव्हे, आपल्याच डोळ्यांदेखत मे २०२० मध्ये, ‘लॅन्सेट’सारख्या मातब्बर नियतकालिकात जगभरच्या ६७१ रुग्णालयांतल्या सुमारे ९६,००० रोग्यांचा आधार सांगणारा लेख आला. पंधरा दिवसांच्या आत, ४ जून रोजी, तो मागे घ्यावा लागला. कारण हे रोगी कोण व त्यांच्या नोंदी कोठे आहेत हे मूळ कागदांवरून पडताळू देण्यास माहिती पुरवणारी कंपनी तयार झाली नाही. शहाण्णव हजारांचा हजेरीपट होता, पण पटावरची माणसे कोणाला दाखवता येईनात.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगून हे भाषण आवरतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या संघटनेकडे एका धुळीच्या कारखान्याचे प्रकरण आले. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरची बरीच माणसे तेथे कामाला जात. खोकला, धाप, वजन उतरणे अशा तक्रारी होत्या. आम्ही पाहणी केली. युनियनच्या कचेरीत फॉर्म ठेवले, आणि जे आले त्यांच्याकडून भरून घेतले. जवळजवळ प्रत्येकाला खोकला निघाला. आम्ही मोर्चात तोच आकडा गर्जून सांगितला. मालकाने आपला डॉक्टर आणला. त्याने कामावर हजर असलेल्या सर्वांना तपासले, आणि बहुतेक सारे धडधाकट ठरले. चौकशी अधिकाऱ्यापुढे आमचे कागद टिकले नाहीत. त्यांनी विचारले, ज्यांना खोकला नाही ते तुमच्या कचेरीत फॉर्म भरायला कशाला येतील? आम्हांला उत्तर देता आले नाही.

त्या संध्याकाळी तलासरीकडच्या एका पाड्यावर आम्ही सभा घेतली आणि मालकाच्या डॉक्टरचा अहवाल वाचून दाखवला. मागे बसलेली एक बाई उठली. तिचा नवरा धाप लागून काम सोडून आला होता व आदल्या पावसाळ्यात वारला होता. ती म्हणाली, “दादा, माझ्या घरच्याला या लोकांनी कुठे मोजला?”

कोणीच मोजला नव्हता. मालकाच्या डॉक्टरने मोजला नाही, कारण तो हजेरीवर नव्हता. आणि आम्हीही मोजला नव्हता, कारण मेलेला माणूस युनियनच्या कचेरीत येत नाही. डॉक्टरने फक्त उभे राहू शकणारे पाहिले, आम्ही फक्त ओरडू शकणारे पाहिले, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप तो दोन्ही कागदांवर नव्हता. मालकाचा पक्षपात आम्हांला लांबून दिसला होता. आमचा आम्हांला त्या बाईने दाखवला.

मग आम्ही पुन्हा आरंभ केला. जुन्या हजेरीपटांवरून, फंडाच्या चिठ्ठ्यांवरून एकूण एक नावांची यादी केली: कामावरचे, सोडून गेलेले, वारलेले. पाड्यापाड्यांवर हिंडलो. ज्याला काही झाले नव्हते त्याचीही नोंद केली, आणि हे करताना आमच्याच कार्यकर्त्यांची कुरकुर ऐकून घेतली. जो आकडा निघाला तो आमच्या मोर्चातल्या आकड्याहून बराच लहान होता आणि मालकाच्या अहवालाहून बराच मोठा. तो लहान आकडा मात्र टिकला. धूळ ओढून घेणारे पंखे बसले, आणि काम सोडून गेलेल्यांचीही तपासणी करण्याचे कबूल झाले. उशिरा झाले. त्या बाईच्या नवऱ्याच्या उपयोगी ते पडले नाही. आमचा पहिला फॉर्म नीट असता तर आणखी काही जणांच्या उपयोगी पडले असते, ही खंत आम्हांला आजही आहे.

मित्रहो, १८९७ साली ज्यांनी सरकारी सुई म्हणून लस झिडकारली त्यांचा सरकारवरचा राग खोटा नव्हता. पण त्या रागापायी कित्येकांनी वाचण्याची संधी गमावली. नुसती शंका घेणे सोपे आहे, तिला कागद लागत नाही, की पायपीट लागत नाही. तपासणे अवघड आहे. उद्या कोणी आपल्यापुढे औषधाचा, लशीचा, कारखान्याच्या धुराचा अथवा भगताच्या मुळीचा गुण-दोष सांगणारा आकडा ठेवील, तेव्हा चार गोष्टी विचाराव्यात. मोजले कोणाला? वगळले कोणाला, आणि ते सांगितले आहे काय? तुलना सारख्यांशी सारख्यांची आहे काय, आणि निवड कोणाच्या हातची? मूळ नोंदी दुसऱ्या कोणाला पाहता येतात काय? आणि आकडा आपल्या मनासारखा असेल तर हे प्रश्न दुसऱ्यांदा विचारावेत.